वाघाला हसवायचं न्हाई

हाव गं, काल टाकलेल्या फोटोतला तो वाघ म्हाताराच हाय. कालपासून सगळ्याजणी कमेंटमधी तेच विचारायल्या... कोण गं हे, कोण गं हे. थांबा की, सांगते.

परवा लातूरला एका बालवाडीत आजी-आजोबांचा कार्यक्रम होता. मला लेकरांची तोंडं रंगवायला बोलावलं होतं. वाढदिवस, गॅदरिंग... जिथं बोलावतील तिथं मी माझ्या डब्या घेऊन जाते. रंगाची पावडर पाण्यात कालवायची अन् बोटानं लावायची. ब्रश फक्त मिशांना.

हे शिकले सासरी, बिलोलीकडं. मोहरमात पिराची सवारी वाजतगाजत निघायची, तवा नवस बोललेले गडी वाघ व्हायचे. आमच्या मालकाचाबी नवस होता, अन् त्यांना रंगवायचं काम माझं. पिवळा रंग तोंडभर लावला की वाळेपर्यंत वाघानं हसायचं न्हाई. हसला की गालावर भेग पडते, परत लिंपावं लागतं.

अन् मी काय गप बसणारी हाय का? "वाघोबा, शेपूट घरीच राहिली की!" म्हणायचे... पडली भेग! मालक डोळे वटारायचे, पण हसू काही थांबायचं न्हाई.

मालक जाऊन लई वर्षं झाली. तवापासून किती लेकरं रंगवली त्याला मोजदाद न्हाई... पण मोठ्या गड्याच्या तोंडाला हात लावला न्हाई. कुणाचा बाप हौसेनं पुढं आला तर ब्रश त्याच्याच हातात द्यायचे. आपलं आपण करा म्हणायचे.

परवा एक चिमुरडी आजोबाचं बोट धरून आली. तिचा स्टेजवर वाघाचा नाच होता. बाकीची पोरं रंगून तयार, अन् ही तोंडाला हात लावू देईना. रडून रडून नाक लाल. म्हणली, "आधी आजोबाला कर. त्यांना दुखलं न्हाई तर मग मला."

मी टाळायला बघितलं. म्हणलं, "आजीला आण की, आजीला करते." तर म्हणली, "माझी आजी वारली. आजोबा एकटेच आलेत."

आता बोला...

आजोबा औश्याचे, एसटीत कंडक्टर होते म्हणे. गुमान खुर्चीत बसले, चष्मा काढून खिशात ठेवला अन् डोळे मिटले. "करा बाई. नातीचा नाच चुकायला नको."

तिकडं माइकवर वाघांना बोलवायले, अन् माझं बोट डबीतच. मग लावलं एकदाचं. दाढी ताजी केलेली, पण हनुवटीखाली एक कोपरा राहिलेला... एकट्या माणसाची दाढी अशीच असते. सांगायला कुणी नसतं.

माझं भ्या त्यांना कळू नये म्हणून मी तोंड चालवलं. "कंडक्टरसाहेब, वाघाला हाफ तिकीट की फुल?"

डोळे न उघडताच म्हणले, "वाघ चढल्यावर तिकीट कोण मागतंय बाई? आधी कंडक्टरच उतरतो!"

अशी हसले मी... तेबी हसले. गालावर ही मोठी भेग. ते बघून ती पोरगीच खुदकन हसली अन् डोळे पुसून त्यांच्या मांडीवर चढली. तिचा वाघ मी झटक्यात केला.

काय नाचली म्हणून सांगू! आजोबा पहिल्या रांगेत, फुटक्या गालाचा वाघ होऊन टाळ्या वाजवायले.

नाच झाल्यावर तिला आजोबासोबत फोटो पायजे होता. मी म्हणलं, थांबा, भेग बुजवते. परत बसवलं, परत लिंपलं. वाळेपर्यंत हसायचं न्हाई, असा दम दिला... अन् ते परत हसले. परत लिंपलं.

जाताना त्यांनी तोंड धुतलं न्हाई. तसेच रिक्षात बसले. त्या पोरीचं देव भलं करो, तिच्यामुळं माझ्या हाताचं भ्या गेलं.

अन् एक सांगते. लेकी, वाचत असशील तर लगेच फोन करू नको.

काल फोटोखाली मी लिहिलं, म्हातारा लई हसरा, रंग टिकूच देईना. खोटं हाय ते. मी मुद्दाम हसवायले होते... भेग पडली की परत हात लावायला मिळायचा.