दात-ओठ खाऊन आलेलं हसू

माझा राग म्हणजे नाकाच्या शेंड्यावर. भुसावळहून येताना स्कूटी घसरली, रस्त्याकडेच्या पत्र्यानं डावा गाल चिरला आणि आतली हसायची नस तुटली. अर्धा चेहरा लोंबला. राग मात्र शाबूत!

सगळ्यांत वाईट वाटायचं ते माझ्या तीन वर्षांच्या लेकीचं. मी हसून हात पुढे केले की आजीच्या पदराआड जायची. "आई रागावली," म्हणायची.

नाशिकच्या डॉक्टरीणबाईंनी ऑपरेशन करून चावायच्या नसेची एक फांदी गालाच्या नसेला जोडली. "काही महिन्यांनी दात आवळले की गाल वर जाईल. तोवर धीर धरा." धीर? आणि मी? मेहरूणच्या आमच्या घरात आरशापुढून हलेना. भाजी करपतेय, मी दात आवळतेय. कपडे वाळत घालतेय, दात आवळतेय. गाल ढिम्म. आरशाला शिव्या घातल्या, डॉक्टरीणबाईंनाही मनातल्या मनात घातल्या.

असे काही महिने गेले. एका दुपारी जेवताना सासूबाई घास हातात धरून माझ्याकडे बघतच राहिल्या. त्या धुळ्याच्या, देवपूरच्या. आनंद झाला की अहिराणीवर येतात. "हासी ऱ्हायनी व माय! भरीत इतलं चांगलं व्हयनं का?"

भरीत खारट होतं. मी नुसती ज्वारी-उडदाची कळण्याची भाकरी चावत होते. तशीच खरकट्या हातानं आरशाकडे धावले. ओठाचा कोपरा हलत होता!

पण लेक अजून लांबच. ते शिकलेलं हसू जमवून तिच्यापुढे जावं, तोवर ती पळालेली असे.

मग एका रविवारी तिनं पिठाचा डबा पालथा घातला. नुकतंच दळून आणलेलं कळण्याचं पीठ, निम्मं जमिनीवर. माझं टाळकं सरकलं. दात-ओठ खात तिच्यावर धावले, आणि गाल गेला वर. तिनं मान वर करून पाहिलं. "आई हसली!" म्हणत पिठाच्या हातांनी माझ्या पायांना मिठी मारली. मी रागानं थरथरत होते आणि रडतही होते.

दुसऱ्या दिवशी तिनं उरलेलं पीठ मुद्दाम ओतलं आणि माझ्या गालाकडे बघत उभी राहिली.

मी दात आवळले.