लाल शाईतली बाई

सिकलसेलच्या दुखण्यामुळे मुलीचं पाचवीचं वर्ष घरीच जाणार असं ठरलं, तेव्हा आम्ही नवराबायकोनं तिचं गणित वाटून घेतलं. मी मुलचेऱ्याजवळच्या गावात उपकेंद्रावर नर्स. तिचे बाबा दूरच्या मूल नावाच्या गावी राइस मिलमध्ये कामाला. शनिवारी संध्याकाळी यायचे, सोमवारी पहाटेच्या गाडीनं जायचे. ड्युटीवर निघताना मी वहीत दहा गणितं लिहून द्यायची, तिनं दुपारपर्यंत सोडवायची आणि बाबांनी रविवारी तपासायची. मी गेले की ती आतून कडी लावायची. समोरची बंगाली शेजारीण अधूनमधून हाक मारून चौकशी करायची.

दोन महिने सगळं सुरळीत चाललं. एका रविवारी जेवताना ते म्हणाले, "तू चांगली तपासतं वही. माह्यासाठी एकबी गणित ठेवत नाई."

"मी कुठी तपासतो? मी तं नुसती लिहून देतो. तुमीच तपासता ना?"

त्यांनी जेवण अर्धवट सोडून वही आणली.

सकाळच्या घाईत मागच्या पानांवर लाल खुणा मला ओझरत्या दिसायच्या, पण त्या कोणत्या दिवसाच्या पानावर आहेत हे मी कधी पाहिलं नव्हतं. बाबांनी केल्या असतील असं धरून मी पुढचं पान उघडायची. त्यांना वाटायचं, मी केल्या. आता आम्ही वही पहिल्यापासून चाळली. बरोबर उत्तराला बरोबरची खूण. चुकलेल्याला गोल, बाजूला नेमकं उत्तर. मंगळवार, बुधवार, गुरुवार, एकही पान सुटलेलं नव्हतं. खाली "पाहिले" असं लिहिलेलं. एका पानावर होतं, "हातचा विसरलीस. लक्ष कुठे असते?" मुलीचं अक्षर गोल, मोठं. हे बारीक, तिरकं, मोठ्या माणसाचं होतं. ते माझं नव्हतं आणि त्यांचंही नव्हतं.

मुलगी खाटेवर पाय पसरून बसली होती. बाबांनी विचारलं, "बेटा, वही कोण तपासते?"

"बाई."

"कोणती बाई?"

"गणिताची. दुपारी येते."

त्यांनी उठून मागच्या दाराची कडी ओढून पाहिली. मी शेजारणीकडे गेले. ती म्हणाली, "मास्टरनी आती है ना, दीदी. रोज आवाज आता है. वो डाँटती है, लड़की जवाब देती है."

"तिला आत जाताना पाहिलं का कधी?"

तिनं नकारार्थी मान हलवली. "दरवाजा तो बंद ही रहता है."

सोमवारी ते मिलवर गेले नाहीत. आम्ही दोघं माझ्या ड्युटीच्या वेळेला घरातून निघालो आणि बाराच्या सुमारास मागच्या सागवानातून परतलो. वाळलेली पानं पायाखाली वाजत होती म्हणून खिडकीपासून चार पावलांवर थांबलो. वारा नव्हता.

"हे काऊन चुकलं?" आतून आवाज आला. जाड, संथ, वयस्क बाईचा.

"विसरली." हा आमच्या मुलीचा.

"हातचा कुठी गेला?"

"मले नाई माहीत."

"मग पुन्हा कर."

नंतर नुसती पेन्सिलची खरखर. ह्यांनी माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. तसंच पुढे सरकून आम्ही आत डोकावलो.

मुलगी एकटीच होती. टेबलासमोर दोन खुर्च्या. एकीच्या पाठीवर माझी ड्युटीची जुनी पांढरी साडी पसरलेली, पुढे पाण्यानं भरलेला पेला. गणित संपवून ती उठली, टेबलाला वळसा घालून त्या खुर्चीत बसली आणि साडीच्या घडीतून लाल पेन काढलं. तिचे खांदे ताठ झाले, ओठ आवळले गेले. आणि ती समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे रागानं बघू लागली, जिथं क्षणापूर्वी ती स्वतः बसली होती.

मग तिनं खिडकीकडे पाहिलं. दचकली नाही.

"बाई गेली," ती आपल्या आवाजात म्हणाली. "तुमाले पाहून गेली."

आत गेल्यावर बाबा तिच्यापाशी जमिनीवरच बसले. "लाल शाईतली बरोबर उत्तरं तूच लिहितं, मंग मुद्दाम काऊन चुकवतं?"

"सगळं बरोबर आलं तं बाई लवकर जाते." मग ती म्हणाली, "पहिल्या रविवारी मी वही घेऊन बसली होती. तुमी झोपून गेले. आईनंबी पाह्यलं नाई. मंग बाई आली."



तालुक्याच्या डॉक्टरांनी समजावलं, फार एकटी पडलेली मुलं असं करतात, घाबरू नका, सोबत बसा. मी तिला कागद देऊन "पाहिले" लिहायला सांगितलं, तर तिनं आपल्या गोल, मोठ्या अक्षरात लिहिलं. बारीक, तिरकं तिला जमेना. मी दोनदा लिहून घेतलं आणि नाद सोडला.

दुसऱ्या दिवसापासून मी दुपारच्या सुट्टीत घरी येऊ लागले. बाबा संध्याकाळी मिलमधून फोन करायचे, ती त्यांना एकेक गणित वाचून दाखवायची. पहिल्या दिवशी मी त्या खुर्चीकडे वळले तर म्हणाली, "तिथी नको. ते बाईची आहे." मी खाटेवर बसले आणि एका भागाकाराला बरोबरची खूण केली.

"आई, हे चुकलं आहे. बाईनं पकडलं असतं."

मला भीती वाटली, त्याहून जास्त लाज वाटली. भागाकार सोडून मला वीस वर्षं झाली होती. त्या दिवसापासून लिहून दिलेली दहाही गणितं मी उपकेंद्रावर आधी स्वतः सोडवायची.

दिवाळीच्या आसपास एका दुपारी ती वही घेऊन आपणहून त्या खुर्चीत जाऊन बसली. "इथी उजेड चांगला येते," म्हणाली.

"आणि बाई?" मी जपून विचारलं.

"नाई येत आता." लिहिता लिहिता, मान वर न करता ती पुढे म्हणाली, "तिले तुह्यं तपासणं पसंत नाई."

जूनमध्ये ती शाळेत जाऊ लागली. गुरुजींनी घेतलेल्या चाचणीत एकच गणित चुकलं होतं. रविवारी अजूनही बापलेक वही घेऊन बसतात. अपूर्णांकात बाबाच घसरतात आणि ती त्यांना पुन्हा करायला लावते. मी स्वयंपाकघरात असते. तिचा आवाज कानावर आला की हातातलं काम थांबतं. तो तिचाच आहे याची खात्री झाली की मी पुन्हा भाजी चिरायला घेते.