काळा बोकड आणि सहा काळ्या शेळ्या

दीड वर्षापूर्वी पावसाळ्यात मी मोटारसायकलवरून घसरलो आणि माझा डावा पाय गुडघ्याखाली मोडला. डॉक्टरांनी सळई घातली. म्हसळ्याजवळच्या आमच्या गावात आत्या राहते, तिने मात्र डॉक्टरांवर सगळा भार न टाकता गावच्या देवीला बोकड कबूल केला. मी काठीशिवाय देवळाची पायरी चढलो की बोकड द्यायचा. मला हे कुणी विचारलं नव्हतं. पाय माझा असला तरी नवस तिचा होता.

पाय जुळला. आत्याने एक काळं करडू घेतलं आणि फणसाचा पाला, भाकरीचे तुकडे आणि भाताची पेज घालून ते वर्षभर वाढवलं. कार्तिकात त्याचा दणदणीत बोकड झाला. देवीच्या उत्सवाला चार दिवस उरले असताना मी न्हावा शेव्याच्या ऑफिसातून रजा घेऊन गावी पोचलो, तर आत्या ओटीवर दाव्याचा चघळलेला तुकडा हातात धरून बसलेली.

"गेला," ती म्हणाली. "डोंगरावर गेला मेला. धनगरवाड्याच्या शेळ्या चरतात ना वर, त्यांच्यात घुसलाय. माजाचे दिवसच हायत ते त्यांचे."

"आणतो ना मी," मी म्हणालो.

"तू?" तिने माझ्या पायाकडे आणि मग माझ्या तोंडाकडे पाहिलं. तिला नक्की कशाचा भरवसा वाटत नव्हता ते कळलं नाही.

तेवढ्यात दाजी आले. दाजी म्हणजे आत्याचे जावई. उरणकडचे, आगरी. घरची मिठागरं होती तिथे आता त्यांचे दोन ट्रेलर उभे असतात. माणूस दिलदार, आवाज मोठा, आणि सासुरवाडीला आले की कुठलंही काम अंगावर घेणारच. बोकड पळाल्याचं ऐकून त्यांना आनंदच झाला.

"शिकार!" ते म्हणाले. "आई, तुम्ही बसा. मना सगला माहीत हाय. लहानपनी बापासोबत रानात फिरलोय मी." आणि गाडीतून त्यांनी एक दुर्बीण काढली. एवढी मोठी दुर्बीण मी जहाजावरच्या माणसांकडेच पाहिली होती.

आत्या म्हणाली, "जावयबापू, वर शेळ्यापन काळ्याच हायत. नुसती शिंगं बघून..."

"आई, बोकर मना कलत नाय काय?"

आमच्याकडे जावयाला उलटून बोलत नाहीत. जावयाला जे बोलायचं असतं ते सगळं भाच्याला बोलतात. हे मला तेव्हा आठवायला हवं होतं.

सकाळी आठला आम्ही दोरखंड, एक गोणपाट आणि दुर्बीण घेऊन निघालो. भातकापणी झाली होती, गवत पिवळं पडायला लागलं होतं. वरच्या सड्यावर, कातळाच्या पठारावर पोचलो तेव्हा घामाने माझा शर्ट पाठीला चिकटला होता आणि समोरच्या उतारावर पंचवीस-तीस शेळ्या चरत होत्या. त्यात काळ्या सात. राखणीला कुणी दिसलं नाही.

आम्ही एका खडकामागे पालथे पडलो. दाजींनी दुर्बीण डोळ्याला लावली.

"दारी बघायची," ते कुजबुजले. "दारी असली की बोकर."

"दाढी किती जणांना आहे?"

दाजींनी दुर्बीण फिरवत मोजलं. "पाच."

"पाच बोकड?"

"मंग शिंगा बघू. शिंगा कुनाकुनाला हायत?"

शिंगं सातही जणांना होती. मी दुर्बीण घेतली. माझं ऑफिसातलं काम म्हणजे कागदावर लिहिलेलं आणि कंटेनरवर असलेलं जुळतं की नाही ते पाहणं, त्यामुळे आपल्याला बारकावे दिसतात असा माझा समज होता. दुर्बिणीतून मला एक काळं जनावर दिसलं. दाढी लांब, शिंगं मागे वळलेली, नजर उर्मट. ते एकटंच बाजूला उभं राहून आमच्याकडे पाहत होतं.

"तोच," मी म्हणालो. "चेहराच पुरुषी आहे."

"बरोबर बोललास," दाजी म्हणाले. आम्हा दोघांचं त्या दिवशी एकमत झालं ते एवढंच, आणि तेच चुकलं.

पुढचे अडीच तास आम्ही त्या जनावराच्या मागे धावलो. खरं तर दाजी धावले. मी सळई घातलेला पाय सांभाळत "तिकडून! तिकडून!" असं ओरडत होतो. ते जनावर आम्हाला जवळ येऊ द्यायचं, दोन हातांवर आलो की एका उडीत वरच्या कातळावर जायचं आणि तिथून खाली पाहत रवंथ करायचं. दाजींची चप्पल तुटली, माझ्या पँटचा खिसा गेला. शेवटी ते करवंदीच्या जाळीत शिंगांनी अडकलं. दाजींनी मागून झडप घातली, मी पाय बांधले आणि कसंबसं गोणपाटात कोंबून वर दोरी आवळली.

"वास बघ," दाजी धापा टाकत म्हणाले. "बोकराचाच वास हाय ना?"

वास भयंकर होता. त्याबद्दल शंकाच नव्हती. खात्री करायला गोणपाट पुन्हा उघडावं असं मात्र दोघांपैकी कुणाच्याही मनात आलं नाही. दाजींनी फोन काढून गोणपाटावर पाय ठेवला आणि स्वतःचा व्हिडिओ काढून घरच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, 'शिकार फत्ते'. डोंगर उतरेपर्यंत अठ्ठावीस जणांनी अंगठे दाखवले होते. उतरताना गोणपाट माझ्या पाठीवर होतं, आणि ते वाटभर मला लाथा घालत होतं.

आत्याने अंगणात गोणपाट सोडलं. जनावर उभं राहिलं, अंग झाडलं आणि आत्याच्या हाताला नाक लावलं. आत्याने खाली वाकून पाहिलं. मग सरळ उभी राहिली. पुन्हा वाकून पाहिलं.

"ही शेळी हाय," ती म्हणाली.

"आई, लहान असल अजून तो," दाजी म्हणाले.

"जावयबापू, च्या घेता ना? बसा तुम्ही, दमलात." मग ती माझ्याकडे वळली. "काय रं, डोळं हायत का कवड्या? हिला सड हायत! आनि ही गाभन हाय! गाभन जनावर डोंगरावरनं गोनपाटात घालून आनलंस? एवढं शिकलास, हापिसात बसतोस, शेळी बोकड कळत न्हाय तुला?"

"दाढी होती, आत्या..."

"दाढी! मला हायत की हनुवटीला चार केस. मी बोकड व्हय?"

दाजी चहाच्या कपात पाहत राहिले. मी त्यांच्याकडे पाहिलं, पण त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं.

संध्याकाळच्या आत धनगरवाड्यावरून एक बाई आली. साठीची असेल, उंच, काटक, हातात वेताची काठी. आमच्या फाटकात उभी राहून तिने विचारलं, "माझी गाभन शेळी पोत्यात घालून नेली ती मानसं हितंच राहतात काय?"

दाजी अचानक गाडीत काहीतरी विसरल्याचं आठवून निघून गेले आणि काचा वर करून आत बसले. मी पुढे झालो. शेळी चोरायची नव्हती, बोकड समजून आणली, असं मी सांगितलं. बाईने माझ्याकडे, मग शेळीकडे पाहिलं. शेळी तिच्याकडे धावत गेली. तिने शेळीचं पोट चाचपलं, पाय पाहिले, कान पाहिले. जनावर ठीक असल्याचं पटल्यावर तिने काठी ओटीला टेकवली आणि तोंडाला पदर लावला. ती रडते आहे असं वाटून मी घाबरलो. ती हसत होती.

"हिला?" ती म्हणाली. "हिला बोकड समजलात? पाच वेळा व्यालीय ती!"

मग आत्या आणि ती शेजारी बसून चहा प्यायल्या आणि माझी शिकवणी झाली. दाढी धरायची नाही, ती शेळीलाही येते. शिंगंही दोघांना. बोकडाचं शिंग बुडाशी जाड, दोन्ही शिंगं कपाळावर जवळजवळ आलेली, मान भरलेली. पण लांबून उन्हात हे कुणालाही चकवतं, धनगराच्या पोरालासुद्धा. पान्हा नसला तर सडही गवतात दिसत नाहीत.

"मग लांबून ओळखायचं कसं?" मी विचारलं.

दोघी एकमेकींकडे पाहून हसल्या.

"मुतायची वाट बघायची," आत्या म्हणाली. "शेळी मागनं खाली बसते. बोकड बसत न्हाय, चारी पाय ताणून उभा ऱ्हातो. त्यात चूक होत न्हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी, दाजी आणि रात्री आमच्याकडेच राहिलेल्या त्या धनगरवाड्याच्या मावशी, शेळीला घेऊन पुन्हा वर गेलो. या खेपेला शेळी चालत होती आणि मी तिच्यासाठी पाला उचलला होता. मावशी कळपाकडे गेल्या. आम्ही दोघे खडकावर बसलो. मी दुर्बीण लावली आणि उरलेल्या सहा काळ्यांवर एकेक करून नजर ठेवू लागलो.

शेळ्या किती वेळ न मुतता उभ्या राहू शकतात याची मला कल्पना नव्हती. पाऊण तासात फक्त एकीचा निकाल लागला. ती खाली बसली. "शेली," दाजी म्हणाले आणि बोट दुमडलं. मग दुसरी. मग बराच वेळ काही नाही.

"काय चाललंय?" मागून आवाज आला.

वनखात्याचा गार्ड होता. खाकी शर्ट, हातात काठी, तिशीतला. त्याने दोरखंड पाहिला, दुर्बीण पाहिली. "शिकारीला आलाय काय? परवानगी नाही माहीत आहे ना?"

काल दिवसभर ज्यांच्या तोंडात शिकार याशिवाय शब्द नव्हता, ते दाजी आभाळाकडे पाहू लागले. त्यांचा फोन त्यांनी हळूच मांडीखाली सरकवला.

"नाही, साहेब," मी म्हणालो. "शेळ्या मुतायची वाट बघतोय."

गार्डने माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. नोकरीत त्याने पुष्कळ सबबी ऐकल्या असणार, पण ही नवी असावी. मी त्याला नवसापासून सगळं सांगितलं. पायातली सळई कुठे आहे तेही दाखवलं. ऐकता ऐकता त्याने काठी खाली ठेवली आणि शेवटी आमच्या शेजारी बसला.

"द्या इकडे," तो दुर्बीण घेत म्हणाला. "माझ्या आईकडे पण शेळ्या आहेत. कोण कोण राहिलंय?"

आता आम्ही तिघे झालो. तिसरी बसली, चौथी बसली. प्रत्येक वेळी गार्ड गंभीरपणे "शेळी" म्हणायचा आणि दाजी बोट दुमडायचे. मग निवडुंगापाशी उभं असलेलं एक काळं जनावर थांबलं. त्याने पुढचे पाय पुढे टाकले, मागचे मागे ताणले, आणि मान खाली वळवून स्वतःच्याच दाढीवर धार सोडली. मग मान वर करून वरचा ओठ उलटा दुमडला आणि फार मोठं काम केल्यासारखं दात दाखवत उभं राहिलं.

"बोकर!" दाजी ओरडले.

"बोकड!" गार्ड ओरडला आणि त्याने माझा हात हातात घेऊन जोरात हलवला. मला खरंच भरून आलं. इतक्या निर्मळ आनंदाने माझ्यासाठी कुणी ओरडलं नव्हतं बरेच दिवस.

दाजी दोरखंड घेऊन उठले. मावशींनी खालूनच हात हलवून त्यांना बसायला सांगितलं. त्यांनी एक तांबडी शेळी निवडली, तिच्या गळ्यात दोरी घातली आणि आमच्या गावाच्या वाटेने चालू लागल्या. शेळी शेपटी हलवत होती. बोकडाने नाक वर केलं आणि आपणहून निमूटपणे तिच्यामागे निघाला. आम्ही त्याच्यामागे. अशी ती मिरवणूक अर्ध्या तासात आमच्या अंगणात पोचली. कुणाला धापसुद्धा लागली नाही.

बोकड बांधल्यावर मावशी मात्र जाईनात. ओटीच्या कडेला टेकल्या आणि आत्याला म्हणाल्या, "बाय, एक बोलू? वाड्यावर या साली बोकड न्हाय. बकरी ईदला व्यापाऱ्यानं सगळे नेले, पोरांनी देऊन टाकले. निम्म्या शेळ्या रिकाम्या हायत. हा ठेवशील काय आमच्याकडं? पयला बोकड जन्मला की तुझ्या देवीचा."

आत्याने बोकडाकडे पाहिलं. वर्षभर फणसाचा पाला तोडला होता तिने. पण रिकाम्या शेळ्या म्हणजे काय ते तिला समजावून सांगावं लागत नव्हतं.

"माझ्या एकटीच्या हातात न्हाय ते," ती म्हणाली. "देवीला इचारू."

दुसऱ्या दिवशी देवळात गुरवाने कौल घ्यायला देवीच्या डाव्या-उजव्या अंगाला पाण्याने भिजवलेल्या कळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं. उजवी कळी पडली तर देवी थांबायला तयार, डावी पडली तर नाही. आम्ही सगळे हात जोडून उभे. दाजींनी डोळे मिटले होते. त्यांना डावी हवी होती हे त्यांच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, कारण मटणासाठी ते उरणहून मसाला घेऊन आले होते. दहा मिनिटांनी उजवी कळी पडली. आत्याने सुटकेचा निःश्वास टाकला आणि तो लपवायला खोकली. मी काठीशिवाय पायरी चढून नारळ ठेवला आणि बोकड पुन्हा डोंगरावर गेला, या वेळी दाव्याने बांधून, मावशींच्या मागे.

दुपारी पानं वाढली. वालाचं बिरडं, तांदळाची भाकरी, आणि जावई उपाशी जाऊ नये म्हणून आत्याने खुराड्यातून एक पक्षी काढून रस्सा केला होता, दाजींच्याच मसाल्यात. दाजींनी पहिला तुकडा उचलला, थांबले, आणि फार आदराने विचारलं, "आई, हा कोंबरा हाय की कोंबरी?"

आत्याने माझ्याकडे डोळे वटारले. "गप जेव की रं," ती मला म्हणाली.