जमीन संपली, तरी घर विकेना

वसईतल्या गोखिवऱ्याचं आमचं घर विकायला काढलं, तेव्हा मी किंमत ठरवली ती नकाशा डोळ्यांसमोर ठेवून. मी शाळेत भूगोल शिकवत होते. वसईच्या उत्तरेला वैतरणा, दक्षिणेला खाडी, पश्चिमेला समुद्र, पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर. मधल्या पट्ट्यात माणसं वाढत जाणार आणि जमीन तेवढीच राहणार, मग भाव खाली येईलच कसा? लॉकडाऊनच्या आधीची ती वर्षं. बाजार थंड आहे असं सगळे म्हणत होते, पण ते दुसऱ्या गावांबद्दल असावं असं मला वाटे.

विकायचं कारण साधं होतं. नवऱ्याची बदली नाशिकला झाली होती. तो तिथे एका खोलीत राहत होता आणि मी इथे मुलीला घेऊन. ती सातवीत होती. हे घर विकून तिकडे घ्यायचं आणि पुढच्या जूनच्या आत मुलीला तिथल्या शाळेत घालायचं, असं आमचं ठरलं होतं.

पहिल्याच आठवड्यात चार एजंट येऊन गेले. तिघांनी माझ्या आकड्याला मान डोलावली. चौथ्या एक बाई होत्या, पन्नाशी ओलांडलेल्या, स्कूटरवरून आलेल्या. वसईच्या पश्चिमेकडच्या गिरीज गावच्या, बागायती वाडी असलेल्या घरातल्या. स्टेशनजवळ त्यांचं छोटंसं ऑफिस होतं. सगळे त्यांना काकू म्हणत. त्यांनी सगळे नळ उघडून पाहिले, बाथरूमच्या भिंतीवर तळहात टेकवून ओल पाहिली आणि चहा पिऊन झाल्यावर सांगितलं, की या किमतीला घर जाणार नाही. ते पटत नसेल तर त्या काम घेणार नाहीत. मला राग आला. मी त्यांना नद्या, खाडी, डोंगर सगळं ऐकवलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं आणि निघून गेल्या.

मग सहा-सात महिने गेले. लोक यायचे, गॅलरीतून डोंगर बघायचे, पाणी किती दिवसांनी येतं ते विचारायचे आणि फोन करतो म्हणून जायचे. बाकीचे एजंट मला धीर द्यायचे. थांबा टीचर, वसईत जमीन राहिलीय कुठे, असं म्हणायचे. माझंच वाक्य मला दुसऱ्याच्या तोंडून ऐकायला मिळत होतं आणि बरं वाटत होतं.

एका रविवारी नवरा येऊन परत निघाला, तेव्हा मुलगी त्याच्या बॅगेवर बसून राहिली. रडली नाही, नुसती उठेना. दुसऱ्या दिवशी मी काकूंना फोन केला.

त्यांनी मागचं काहीच काढलं नाही. संध्याकाळी सातला खाली येऊन थांबा, एवढंच म्हणाल्या. स्कूटरवर मागे बसवून त्यांनी मला हायवेच्या बाजूच्या नव्या टॉवरांपाशी नेलं. काही वर्षांपूर्वी तिथे भाताची खाचरं होती, हे मी स्वतः पाहिलेलं. दिवेलागण झाली होती. किती खिडक्यांत उजेड दिसतो ते मोजा, म्हणाल्या. बावीस मजल्यांच्या त्या इमारतीत मला चौदा खिडक्या सापडल्या. शेजारच्या इमारतीत त्याहून कमी.

"तुमचं बरोबर आहे टीचर, जमीन वाढत नाही," काकू म्हणाल्या. "पण घरं वाढतात. वर वाढतात."

परतताना त्या रस्त्यावरच्या जुन्या इमारती दाखवत होत्या. ही चार मजल्यांची पाडायची ठरली आहे, ती तीन मजल्यांची पुढच्या वर्षी पाडतील, तिथे वीस-बावीस मजले होणार. मी वर्गात इतकी वर्षं नकाशा शिकवला, पण त्यात मजले नसतात हे कधी मनात आलं नव्हतं.

तरीही माझा हेका गेला नाही. मग तुमच्या गिरीजकडे भाव कसा उतरला नाही, असं मी विचारलं. त्या म्हणाल्या, रविवारी या.

त्यांच्या वाडीत शिरलं की आधी गारवा लागतो. केळी, नारळ, मधल्या जागेत भाजीचे वाफे. त्यांचे दीर वाफ्यांना पाणी सोडत होते आणि काकू त्यांच्याशी घरच्या बोलीत बोलत होत्या, ती मला निम्मीच कळत होती. विहिरीच्या कठड्यावर बसल्यावर मी मनातलं बोलून टाकलं.

"मला भाव उतरवायला सांगता. तुमची वाडी मात्र तुम्ही विकत नाही."

"नाही विकत," त्या म्हणाल्या. "आम्हाला गरज नाही. दीर बागायत बघतात, मी धंदा करते, मुलगा नोकरीला आहे. दहा वर्षं कोणी विचारलं नाही तरी आमचं अडत नाही. इथे सगळ्यांचं तसंच आहे. सौदाच होत नाही, तर भाव उतरलेला दिसणार कुठे? ज्याला थांबता येतं, त्यालाच जमीन साथ देते, टीचर. तुम्हाला थांबता येतं का, ते सांगा."

जून किती महिन्यांवर आला, ते मी बोटांवर मोजलं.

थोड्या वेळाने त्यांनी आपणहून एक गोष्ट सांगितली. धंद्याच्या सुरुवातीला एका तरुण जोडप्याला त्यांनी घर घेऊन दिलं होतं. वसईत भाव कधी पडत नाही, असं छातीठोक सांगून. पुढे नवऱ्याची कंपनी बंद पडली आणि घर विकायची वेळ आली, ती नेमकी मंदीत. काकूंनी खपून गिऱ्हाईक शोधलं, दलाली घेतली नाही, तरी घर घेतलेल्या किमतीपेक्षा कमीतच गेलं. सामान टेम्पोत चढत होतं तेव्हा त्या खाली उभ्या होत्या. तो तरुण त्यांना लागेल असा एक शब्दही बोलला नाही. वाकून नमस्कार केला आणि गेला. "त्याने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं," काकू म्हणाल्या. त्या दिवसापासून ते वाक्य त्यांच्या तोंडून पुन्हा निघालं नव्हतं.

मी आकडा उतरवला. दोन आठवड्यांत काकू एका नर्सला आणि तिच्या नवऱ्याला घेऊन आल्या. तो गोखिवऱ्यातच एका गाळ्यात मशीनवर कामाला होता. दोघं जवळच भाड्याने राहत होती. त्यांना घर आवडलेलं दिसत होतं. जाता जाता नवऱ्याने विचारलं, भाव अजून खाली येईल का?

मी काकूंकडे पाहिलं. त्या सहज म्हणाल्या, "येऊ शकतो. पुढच्या वर्षी याच बिल्डिंगमध्ये याहून स्वस्त मिळालं, तर मला बोल लावू नका. पाणी एक दिवसाआड येतं, उन्हाळ्यात टँकर लागतो. दोन वर्षांत विकून कमवायचं असेल तर हे घर घेऊ नका. पंधरा वर्षं राहायचं असेल तर घ्या."

दोघं विचार करतो म्हणून गेली. इतक्या महिन्यांनी मिळालेलं गिऱ्हाईक तुम्ही परत पाठवलंत, असं मी म्हणालेही. काकूंनी चप्पल घालताना एवढंच सांगितलं, की आली तर पक्की येतील.

तिसऱ्या दिवशी सकाळी ड्यूटीला जाताना नर्स एकटीच आली. स्वयंपाकघरात उभी राहिली, खिडकी उघडली, ऊन कुठून येतं ते विचारलं. मग म्हणाली, "आम्हाला राहायचंच आहे."

एप्रिलमध्ये कागद झाले आणि जूनमध्ये मुलगी नाशिकच्या शाळेत गेली. नव्या घरात पहिले कित्येक दिवस ती बाबांच्या ताटाला ताट लावून जेवत होती.

पुढच्याच वर्षी आमच्या वरच्या मजल्यावरचं घर माझ्याहून कमी किमतीला गेलं. समोरच्या दारच्या काकांनाही घर विकायचं होतं, पण ते निवृत्त होते, पेन्शनवर त्यांचं भागत होतं. ते थांबले, आणि परवा-परवा त्यांना मी पहिल्यांदा मागितलेल्या आकड्याहून बरंच जास्त मिळालं. ते ऐकून मला टोचलं, खोटं कशाला बोलू? पण तोवर मुलगी दहावी होऊन कॉलेजात गेली होती. काकूंनी या दोन्ही सौद्यांचा माझ्याजवळ कधी उल्लेख केला नाही. मला ते नर्सकडून कळलं.

या हिवाळ्यात वसईला गेले होते, तेव्हा त्यांच्या ऑफिसात डोकावले. आता बाजार तेजीत आहे. समोर एक नवं लग्न झालेलं जोडपं बसलं होतं आणि आजच टोकनचे पैसे देऊ का म्हणून विचारत होतं. काकू त्यांना घरी जाऊन आठवडाभर विचार करायला सांगत होत्या. जोडपं उठलं आणि बाहेर पडताच पलीकडच्या एजंटने त्यांना हाक मारून आत घेतलं. आम्ही दोघींनी काचेतून ते पाहिलं.

अशाने गिऱ्हाइकं जात नाहीत का, मी विचारलं.

"जातात की," काकू म्हणाल्या, आणि माझ्याकडे खुर्ची सरकवून मुलीचं कसं चाललंय ते विचारू लागल्या.