दत्ताभाऊंचा बोगदा
चाकणच्या शाखेत मी नवा होतो. सकाळी फोनवर कुणीतरी म्हणालं, "साहेब, टनेल बंद हाय." माल पाठवणं हे माझं खातं. मी तडक मुंबईच्या वाटेवरच्या ट्रकवाल्याला फोन लावला आणि एक्सप्रेसवे सोडून जुन्या घाटाने उतरायला लावलं. बिचारा दुपारपर्यंत घाटात अडकला. फोन करणारे दत्ता वाळुंज हे पलीकडच्याच खोलीत बसणारे आमचे कॉम्प्युटरवाले निघाले, आणि बंद होता तो आमच्या शाखेला चिंचवडच्या मुख्य ऑफिसशी जोडणारा व्हीपीएनचा टनेल.

सगळी शाखा हसली, दत्ताभाऊ नाही. "बरुबरच हाय साहेबांचं," म्हणाले. "बोगदाच त्यो. इंटरनेटचा रस्ता साऱ्या दुनियेचा. त्याच्या पोटातनं आपल्या दोन हापिसांपुरता बोगदा काढायचा. आतलं भाईरच्याला दिसत न्हाई." तेव्हापासून आम्ही सगळेच बोगदा म्हणू लागलो.

दत्ताभाऊ मूळचे मावळातले. वडिलांचं जुन्या घाटात चहा-भज्यांचं हॉटेल होतं. नवा रस्ता झाला आणि ते बसलं. आता दत्ताभाऊ चाकणातच राहत. घरी आई अंथरुणाला खिळलेली. जेवणाच्या सुट्टीत घरी जाऊन तिला भरवत आणि परत येत. "कंपनीपेक्षा आईची शिफ्ट कडक," म्हणायचे.

बोगदा मात्र टिकत नसे. कधी वीज जाई, कधी रस्ता खणणारा जेसीबी केबल तोडून जाई. त्यातच एकदा चिंचवडहून कळलं, की दोन्ही ऑफिसांतल्या मशीनना नंबर एकसारखेच आहेत, म्हणून सगळा घोळ. "दोन वाड्यांत घरनंबर येकच. पोस्टमननं जायचं कुठं?" दत्ताभाऊ म्हणाले, "चला, धाकट्यानंच बदलायचं असतं." आणि आमच्या प्रिंटरपासून हजेरीच्या मशीनपर्यंत सगळ्यांचे नंबर बदलत बसले.

त्याच सुमारास मुख्य ऑफिसचे साहेब येऊन गेले. जाताना सहज बोलले, "लिंक पक्की झाली की साठा तिथूनच दिसेल, बिलंही तिथूनच निघतील. मग शाखा ठेवायची कशाला?"

चहाच्या टपरीवर मी दत्ताभाऊंना बाजूला घेतलं. "जरा दमानं घ्या. मधूनमधून पडू द्या की तो."

"मुद्दाम पाडू? न्हाई जमायचं, राव. त्यो पडला की माझा घास उतरत न्हाई."

"आणि शाखा बंद झाली तर?"

"बोगदा झाला की घाट ओस पडतोच. घाटात वाढलोय आमी." त्यांनी कप ठेवला आणि आत गेले.

बोगदा पक्का झाला. पुन्हा पडलाच नाही. शाखा बंद झाली. मला चिंचवडला घेतलं. संत तुकाराम नगरातल्या माझ्या घराजवळ, म्हणजे माझं भलंच झालं. दत्ताभाऊंना गुजरातच्या कारखान्यात जागा दिली. आई हलवण्यासारखी नव्हती. त्यांनी राजीनामा दिला.

शेवटच्या दिवशी राऊटर उतरवायचं कामही त्यांच्याकडेच आलं. बटण बंद करून त्यांनी दिवे विझू दिले, मग त्या डबीवर तळवा ठेवला. "गरम हाय अजून," म्हणाले, आणि ती खोक्यात भरली.

घरी आल्यावर मी बायकोला म्हटलं, "रविवारी दत्ताभाऊंना जेवायला बोलावू." पाहुणा म्हटलं की तिला हुरूप येतो. पण ती भाजी निवडत राहिली.

"इतक्यात नको," ती म्हणाली. "नाही म्हणणार नाहीत ते. येतील, आणि जेवण होईपर्यंत आपल्यालाच हसवत बसतील."