दोन डिस्कांवरचा आवाज

कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या त्या बाईंना सगळी गल्ली थांबाताई म्हणते. कुणाच्याही घरी गेल्या की त्यांचा पहिला शब्द ठरलेला: "थांबा. काही दाबू नका. आधी वाचू या." पडद्यावर जो प्रश्न आलेला असेल तो त्या मालकालाच मोठ्यानं वाचायला लावतात आणि मग विचारतात, "कळलं का, काय विचारतोय तो?" बहुतेकांना कळलेलं नसतं. लोकांना प्रश्न दिसला की 'हो' म्हणून मोकळं व्हायची घाई असते, असं त्यांचं मत आहे, आणि हे मत कॉम्प्युटरपुरतं नाही, हेही त्या सांगतात.

तरुणपणी त्या एका ऑफिसात टायपिंग करत. मशीन बिघडलं की दुरुस्तीवाला येईपर्यंत सगळे हातावर हात ठेवून बसत, ते त्यांना बघवेना. म्हणून त्या शेजारी उभं राहून बघू लागल्या, मग विचारू लागल्या, आणि शेवटी दुरुस्तीवालाच म्हणाला, "बाई, आता तुम्हीच करा, मी चहा पितो." तेव्हापासून हाच धंदा.

असं असूनही सख्ख्या भावाच्या घरचं मशीन त्यांच्याकडे कधी आलं नव्हतं. दादा अंधांसाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करत. जिन्याशेजारच्या छोट्या खोलीच्या भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवून, दाराला जाड पडदा लावून त्यांनी वर्षानुवर्षं हे काम केलं. कॉम्प्युटर मात्र मोठ्या दुकानातून घेतला. "धाकटी काय, स्क्रू पिळते," असं ते चारचौघांत म्हणत. थांबाताई हसून सोडून देत. सोडून देताना थोडं लागतही असे.

मग दादांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. उरली ती नुसती कुजबुज, आणि तीही जपून वापरा असं डॉक्टरांनी बजावलेलं. आणि आता वहिनींचा फोन आला होता. "अगं, मशीन चालूच होत नाही. सगळी पुस्तकं त्यातच आहेत. शेवटचं पुस्तक अर्धं राहिलंय. दुसरीकडे कुठंच नाही गं काही."

थांबाताई सकाळीच पोचल्या. दादा त्या छोट्या खोलीत मशीनसमोर खुर्चीत ताठ बसले होते, वहिनी शेजारी उभ्या. दादांनी ओठ हलवले.

"काय म्हणतोय?" थांबाताईंनी विचारलं.

"म्हणतायत, बरं झालं आलीस," वहिनी म्हणाल्या.

"एवढे थोडे शब्द नव्हते ते."

"म्हणतायत, आता स्क्रू पिळणारीच्या हातात देव द्यायचा. मी जरा गाळून सांगितलं."

"गाळू नका वहिनी. इतक्या वर्षांची सवय आहे मला."

त्यांनी मशीनचं झाकण उघडून आत पाहिलं आणि ते सुरू केलं. काळ्या पडद्यावर एकच ओळ आली: ऑपरेटिंग सिस्टिम सापडत नाही. मग त्यांनी पिशवीतला पेन ड्राइव्ह लावला आणि सिस्टिम नव्यानं घालायची तयारी सुरू केली. थोड्या वेळानं पडद्यावर डिस्कांची यादी आली. दोन डिस्का. एकीवर काहीतरी अर्धवट, दुसरी चक्क रिकामी. आणि खाली प्रश्न: ही डिस्क वापरण्यासाठी तयार करायची का?

दादांचा हात माउसकडे गेला.

"थांब," थांबाताई म्हणाल्या.

"अहो, थांबा म्हणतेय ती," वहिनींनी सवयीनं तेही मोठ्यानं सांगितलं.

"त्याचा आवाज गेलाय वहिनी, कान नाही गेले."

दादा पहिल्यांदा हसले. थांबाताईंनी मात्र पडद्यावरून नजर हलवली नाही. मशीन उघडताना आतल्या डिस्कांवर दुकानदाराची चिठ्ठी त्यांनी पाहिली होती: रेड. म्हणजे दोन डिस्का जोडून एक केलेली.

"वहिनी, नीट ऐका. या दोघी वेगवेगळ्या नाहीतच. दोन माणसांनी एकच पुस्तक वाचायला घ्यावं, एक शब्द याचा, पुढचा शब्द त्याचा, तसं लिहिलंय यांच्यावर. दोघी मिळून बोलल्या तर वाक्य होतं. एकटी बोलली तर नुसती बडबड. आणि दुसरी रिकामी आहे असं समजून तिला 'तयार' केलं, तर अर्धे शब्द कायमचे गेले."

वहिनींच्या तोंडचं पाणी पळालं. दादांनी माउसवरचा हात चटका बसल्यासारखा काढला.

"प्रश्न असा आहे," थांबाताई पुढं म्हणाल्या, "की जोडी सुटली कशी? मशीनच्या मुळाशी एक सेटिंग असतं, तिथं सांगितलेलं असतं की या दोघींना एक धरा. ते आपोआप बदलत नाही. कुणी हात लावला?"

"कुणी लावणार? घरात आम्ही दोघं," वहिनी म्हणाल्या. "मी तर या खोलीत झाडूसुद्धा विचारून मारते."

दादा चष्मा काढून पुसू लागले. चष्मा स्वच्छ होता. लहानपणी शाळा बुडवली की दादा असेच काहीतरी पुसत बसायचे, कधी पाटी, कधी नाक. थांबाताईंनी ते पाहिलं आणि वहिनींना म्हणाल्या, "जरा चहा टाकता का?"

वहिनी गेल्या. दादांनी बहिणीची बाही ओढली. ऐकायला थांबाताईंना अगदी वाकावं लागलं.

"मीच. त्या सेटिंगात शिरून मशीनचा पंखा हळू करायला गेलो. काय काय दाबलं कळेना. मग 'सगळं मूळ पदावर आणा' असं दिसलं. म्हटलं, बरं आहे, मूळ पदावर. तेव्हापासून सुरू होईना. दुरुस्ती करू का विचारत होता, मी हो म्हणत गेलो."

"पण पंखा कशाला हळू करायचा होता? आता तर..."

दादांनी एकदा स्वयंपाकघराकडे पाहिलं. मग म्हणाले, "पंखा माझ्यापेक्षा मोठा येत होता."

थांबाताईंना क्षणभर कळलं नाही. मग उलगडलं. हा माणूस या उरलेल्या कुजबुजीत ते पुस्तक पुरं करत होता. चोरून, वहिनी बाजारात गेल्या की पडदा ओढून.

"हिला सांगू नकोस," दादा म्हणाले. "डॉक्टर नको म्हणालेत."

थांबाताईंनी हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. मशीन बंद करून मुळाच्या सेटिंगात गेल्या आणि ती एक ओळ पुन्हा रेडवर आणली. नवी जोडी बनवायची का, म्हणजे जुनं सगळं पुसायचं का, असं मशीननं विचारलं. त्यांनी दादांना ते वाचायला लावलं, कुजबुजत का होईना, आणि दोघांनी मिळून 'नाही' म्हटलं. मशीननं जुनी जोडी आपणहून ओळखली. ठीक आहे, असं हिरव्या अक्षरांत आलं. दादांच्या 'हो हो'मध्ये जुनी सिस्टिम मात्र मोडली होती, म्हणून त्यांनी पेन ड्राइव्हवरून नवी घालायची तयारी पुन्हा सुरू केली.

वहिनी चहा घेऊन आल्या त्याच वेळी पडद्यावर नवं संकट उभं होतं: एकही डिस्क सापडली नाही.

"मगाशी दोन तरी होत्या!" वहिनींनी चहा घाईघाईनं टेबलावर ठेवला.

"हे चांगलं लक्षण आहे."

"हे चांगलं? मग तुझ्याकडचं वाईट लक्षण कसं असतं गं?"

"जोडीची भाषा त्याला येत नाही अजून. ती शिकवावी लागते." त्यांनी दुसरा पेन ड्राइव्ह लावला आणि त्यावरचा ड्रायव्हर, म्हणजे ती भाषा शिकवणारा छोटा प्रोग्रॅम, दाखवला. मशीननं बराच वेळ घेतला. कुणी चहाला तोंड लावलं नाही. मग पडद्यावर एकच मोठी डिस्क आली. तिचे दोन कप्पे: एक सिस्टिमचा, दुसऱ्यावर दादांनीच दिलेलं नाव, 'वाचन'.

वहिनींचा जीव भांड्यात पडला. दादांनी बोटानं खूण केली, चल, घाल सिस्टिम.

"थांब रे. आधी नक्कल." थांबाताईंनी पिशवीतून स्वतःची डिस्क काढली, काळ्या पडद्यावर हातानं आज्ञा लिहिल्या आणि 'वाचन' अख्खं तिच्यावर उतरवून घेतलं. त्यात जेवणाची वेळ टळून गेली. मग कुठं त्यांनी नवी सिस्टिम घातली, तीही पहिल्या कप्प्यातच. कोणता कप्पा पुसायचा हे दादांना बोट ठेवून दाखवायला लावलं, आणि बोट बरोबर जागी आहे हे वहिनींकडून पुन्हा तपासून घेतलं.

दुपारी मशीन सुरू झालं. पुस्तकांची नावं ओळीनं आली. वहिनी चष्मा सावरत यादी वाचत शेवटच्या ओळीपर्यंत आल्या आणि थबकल्या.

"हे शेवटचं प्रकरण... ही तारीख तर ऑपरेशननंतरची आहे."

दादा पुन्हा चष्मा काढू लागले. थांबाताईंनी त्यांच्याकडे पाहिलं. दादांनी चष्मा तसाच राहू दिला आणि मान हलवली. लाव.

खोलीत आधी पंख्याची घरघर आली. मग तिच्या खालून, कान देऊन ऐकलं तरच कळेल अशी, दादांची कुजबुज. प्रत्येक शब्द सुटा, पूर्वीसारखाच नीट तोडलेला. मध्ये एकदा श्वास अडकला, वाक्य पुन्हा पहिल्यापासून घेतलं. वहिनी पदराचं टोक चिमटीत धरून उभ्या होत्या. संपल्यावर त्यांनी दाराच्या पडद्याकडे पाहिलं.

"मी बाजारातून आल्यावर पडदा ओढलेला असायचा," वहिनी शेवटी म्हणाल्या. "मला वाटायचं, तुम्ही आत रडता. म्हणून विचारत नव्हते."

दादा काहीतरी कुजबुजले. या वेळी वहिनींनी ते कुणाला मोठ्यानं सांगितलं नाही.

"किती पानं राहिलीत?" त्यांनी विचारलं. दादांनी अंगठा आणि बोट यांत थोडंसं अंतर दाखवलं.

"डॉक्टरांना मी विचारते. हो म्हणाले तर रोज थोडं. आणि मी शेजारी बसणार."

थांबाताई तोवर दाराजवळ जाऊन पडद्याखालची फट बघत होत्या. "मशीन बाहेर जिन्याजवळ ठेवू. लांब वायर आणते. आत फक्त मॉनिटर, कीबोर्ड आणि माइक. पंखा बाहेर घरघरू दे."

दादांनी थांबाताईंना जवळ बोलावलं. त्या वाकल्या.

"माइकची वायर चांगली आण," दादा म्हणाले. "खरखरणारी नको."