चौदा नंबरचा वाफा
गोणीतून सडक्या कांद्याचा वास आला की मला शेती विद्यापीठातला माझा चौदा नंबरचा वाफा आठवतो. बहात्तरच्या सुमारास लहान कॉलेज सोडून मी तिथं दुसऱ्या वर्षाला आलो. आवार एवढं मोठं, की वसतिगृहातून शेतावर जायला सायकल लागायची, आणि ओळखीचं कुणीच नव्हतं. प्रत्येक विद्यार्थ्याला कांद्याचा एक वाफा होता, मार्क पिकावर. मी कोल्हारचा, पाटपाण्यावर वाढलेला. पाण्याची पाळी आली की वाफा काठोकाठ भरायचो. शेजारचा वाफा दुष्काळी पाथर्डीकडच्या एका अबोल मुलाचा. तो पहिल्याच दिवशी म्हणाला, "लई पानी देऊ नको." मला वाटलं, याला माझ्या वाट्याचं पाणी हवंय. पुढं दर पाळीनंतर सकाळी माझ्या वाफ्याचा बांध फोडलेला आणि पाणी वाहून गेलेलं दिसायला लागलं. एकदा त्याच्या खुरप्याला ओली माती दिसली आणि मी सरांकडे तक्रार केली. सरांनी त्याला सगळ्यांदेखत झापलं. त्यानंतर बांध शाबूत राहिला, पण महिन्याभरात पात पिवळी पडली आणि उपटलेला कांदा हातात बुळबुळीत लागला. मी त्याला गाठलं, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "तुजं पानी मी चरात सोडत हुतो. मुळं बुडाली की कांदा सडतो. सांगितलं हुतं की तुला." आता माझ्या शेतात गडी न सांगता काही करताना दिसला, की अजूनही माझी नजर आधी त्याच्या खुरप्याकडे जाते, विचारायचं नंतर सुचतं.